गेममध्ये पाठ केलेली नॉर्डश्लाइफ प्रत्यक्ष चालवताना

जुलै २०१९ मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर, नॉर्डश्लाइफवर, गाडी चालवून आलो. त्याआधी कित्येक वर्षं हा ट्रॅक मी फक्त गेममध्ये चालवत होतो. फोटो टाकल्यापासून पुण्याचे मित्र आणि इथली, जर्मनीतली मराठी मंडळी सारखे तेच विचारताहेत. परवाना कुठला लागतो, खर्च किती येतो, विमा असतो का? आणि सगळ्यात जास्त वेळा, ‘त्या गेमचा काही उपयोग झाला का रे?’ एकेकाला उत्तरं देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. आयफेलच्या डोंगरात १९२७ साली सुरू झालेला हा ट्रॅक २०.८३२ किलोमीटर लांब आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या जागेत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. वळणं अधिकृत मोजणीनुसार ७३, पण चालवताना मोजायची शुद्ध कुणाला असते! १९७६ मध्ये बेर्गवेर्क वळणाच्या अलीकडे निकी लाउडाचा अपघात झाला आणि त्यानंतर फॉर्म्युला वन या जुन्या ट्रॅकवर पुन्हा आली नाही. आता शर्यती किंवा मोटार कंपन्यांच्या चाचण्या नसतील त्या संध्याकाळी आणि बऱ्याच शनिवार-रविवारी फाटक सगळ्यांना उघडं असतं. हातात परवाना आणि रस्त्यावर चालवायला मान्यता असलेली गाडी असली, की तिकीट काढायचं आणि आत शिरायचं. याला टूरिस्टनफार्टन म्हणतात. तेवढ्या वेळापुरता तो टोल भरून जायचा एकेरी रस्ता असतो आणि जर्मनीचे नेहमीचे वाहतुकीचे नियम तिथे लागू असतात. उजवीकडे राहायचं, ओव्हरटेक डावीकडूनच करायचं, वेळ मोजायची नाही, कॅमेरा लावायचा नाही. गेमवाल्यांना हे वाचून जरा निराशा होते. मलाही झाली होती.

या ट्रॅकशी माझी ओळख पुण्यातली, मित्राच्या प्लेस्टेशन टूवर, ग्रान टुरिस्मो ४ या गेममधली. त्या काळचे ट्रॅक मुख्यतः नकाशे, फोटो आणि व्हिडिओ बघून तयार होत. वळणांचा क्रम बरोबर असायचा, पण रस्ता कुठे किती कलंडलाय, कुठे बारीक उंचवटा आहे, याचा नेम नसे. पुढे नोकरी लागली, कॉम्प्युटर आला, आणि २०१५ च्या जानेवारीत असेटो कोर्सा या गेममध्ये लेझर स्कॅन केलेली नॉर्डश्लाइफ आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयरेसिंग या दुसऱ्या गेमनेही आपली स्कॅन केलेली आवृत्ती आणली. मी असेटो कोर्साच घेतला, कारण तो एकदाच विकत घ्यायचा आणि महिन्याची वर्गणी नाही. सोबत लॉजिटेकचं जी२९ स्टिअरिंग घेतलं, वापरलेलं.

लेझर स्कॅन म्हणजे काय, हे थोडं सांगायलाच हवं. यंत्र प्रकाशाचे झोत सोडतं, ते रस्त्यावर, कठड्यावर, झाडावर आपटून परत येतात आणि लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. असे कोट्यवधी बिंदू गोळा झाले की रस्त्याचा आकार त्याच्या सगळ्या खळग्या-फुगवट्यांसकट हाती लागतो. त्यावरून पृष्ठभाग बनवतात आणि गेममधली चाकं त्यावर धावतात. असेटो कोर्सा हे गणित सेकंदाला ३३३ वेळा करतो. मात्र स्कॅनमधून मिळतो तो फक्त आकार. डांबर किती चिकट आहे, सावलीतला ओलावा किती वेळ टिकतो, जुना पट्टा संपून नवा कुठे सुरू होतो आणि तिथे टायरला काय जाणवतं, हे लेझरला कळत नाही. ते बनवणारे लोक चाचण्या घेऊन, अंदाजाने बसवतात. शिवाय स्कॅन हा एका दिवसाचा असतो, रस्ता त्यानंतरही बदलत राहतो. याचा अनुभव पुढे आलाच.

आता कागदपत्रं. भारतीय परवाना जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने चालतो. मी २०१७ च्या अखेरीस कोलोनजवळच्या गावात आलो, कामाला रेल्वेने जात होतो, गाडीची गरज नव्हती. मग ट्रॅकची खुमखुमी आली तेव्हा परवाना बदलून घेणं भाग होतं. भारत ‘परीक्षेशिवाय बदलून मिळेल’ अशा देशांच्या यादीत नाही, त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नावही घालावं लागतं. सुटका एवढीच, की ठरावीक तासांची शिकवणी सक्तीची नसते.

सप्टेंबर २०१८ मध्ये अर्ज केला. सोबत डोळ्यांची तपासणी (६.४३ युरो, चष्म्याच्या दुकानात दहा मिनिटांत होते), प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग, बायोमेट्रिक फोटो, भारतीय परवान्याची प्रत आणि तिचं जर्मन भाषांतर. भाषांतर एडीएसी या मोटार संघटनेकडून करून घेता येतं. मग शांतता. कार्यालयाचं पत्र नोव्हेंबरच्या अखेरीस आलं. मधल्या काळात फोन करून उपयोग नसतो, ‘काम चालू आहे’ एवढंच कळतं. लेखी परीक्षेत तीस प्रश्न असतात, दहा दोषांक चालतात, पण पाच-पाच दोषांकांचे दोन प्रश्न चुकले की नापास. भाषा इंग्रजी निवडता येते, हिंदी नाही. ती जानेवारीत झाली. प्रत्यक्ष परीक्षा मार्चमध्ये. परीक्षांचं शुल्क तेव्हा लेखीचं साडेबावीस आणि प्रत्यक्षचं सुमारे ९२ युरो होतं. त्यात शाळेची नोंदणी आणि शिकवणीचे तास धरले की आकडा हजाराच्या पुढे जातो. पगारातून दर महिन्याला थोडं बाजूला काढत गेलो.

शिकवणीत एक गंमत कळली. शिकवणारे गृहस्थ पहिल्याच दिवशी म्हणाले, “तुम्ही मान वळवतच नाही.” इथे लेन बदलताना खांद्यावरून मागे बघणं सक्तीचं असतं, ते विसरलं की परीक्षा तिथेच संपते. गेममध्ये इतकी वर्षं समोरच्या पडद्यावर नजर रोखून बसलेल्या माणसाला मागेही जग आहे, याची सवय उरलेली नसते. आरसे बघायचा माझा खरा सराव परीक्षेसाठी झाला, आणि ट्रॅकवर तोच सगळ्यात जास्त कामी आला.

पुण्या-मुंबईहून सुट्टीवर येणाऱ्यांना हा सगळा खटाटोप नको. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ भारतीय परवाना बरोबर हवाच. ज्या कंपनीकडून गाडी घेणार, तिची वयाची आणि अनुभवाची अट मात्र आधी ईमेलवर विचारून ठेवा.

गाडीचं काय? विमानतळावर भाड्याने मिळणाऱ्या साध्या गाड्या इथे आणायला बहुतेक करारांत स्पष्ट मनाई असते. स्वतःची गाडी असेल तर विम्याची कलमं वाचा, बऱ्याच विम्यांतून नॉर्डश्लाइफ वगळलेली असते. मी माझ्या विमा कंपनीला लेखी विचारलं, चार ओळींत लेखी नकार आला. म्हणून ट्रॅकच्या आसपास फक्त याच कामासाठी गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपन्यांपैकी एकीकडे गेलो. नवख्यांना तिथे सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट देतात. हो, तीच आपली स्विफ्ट, फक्त इंजिन दमदार, ब्रेक आणि टायर बदललेले आणि आत लोखंडी पिंजरा. दोन फेऱ्या, पेट्रोल आणि तिकिटं धरून तेव्हा दोनशे युरोंच्या घरात पडलं. शेजारी प्रशिक्षक हवा असेल तर वर शंभर होते. मी पहिल्या फेरीसाठी घेतला आणि तो पैसा मला अजिबात जास्त वाटत नाही. स्वतःची गाडी नेणाऱ्याला एका फेरीचं तिकीट २०१९ मध्ये सोमवार ते गुरुवार २५ युरो, शुक्रवार ते रविवार ३० युरो होतं.

करार मात्र शांतपणे वाचावा असा असतो. माझ्या करारात गाडीचं नुकसान झालं तर पहिले ५,००० युरो माझे होते. लोखंडी कठडा वाकला तर त्याचे पैसे वेगळे, गाडी ओढून नेण्याचे वेगळे. बायकोने तो कागद दोनदा वाचला आणि “सांभाळून” एवढंच म्हणाली. त्या एका शब्दाने माझा वेग ट्रॅकवरच्या कुठल्याही पाटीपेक्षा जास्त कमी केला असेल.

तारीख ठरल्यावर गेमचा सराव बदलला. तोपर्यंत रिकाम्या ट्रॅकवर सेकंद वाचवायचा खेळ चालला होता. आता असेटो कोर्सातलाच टूरिस्ट आराखडा निवडला, त्यात सुरुवात शर्यत सुटते त्या रेषेवरून न होता ड्योटिंगर ह्योहे या सरळ पट्ट्यावरच्या फाटकाजवळून होते. रस्त्यावरची मार्गदर्शक रेषा बंद केली. मागे माझ्यापेक्षा खूप वेगवान गाड्या सोडल्या आणि त्यांना वाट देत चालवायला लागलो. गिअरचा दांडा टेबलाच्या उजव्या बाजूला बसवला, कारण इथे स्टिअरिंग डावीकडे असतं.

आणि पडद्यावरच्या दृश्याचा कोन नीट केला. ही गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. पडद्यात किती अंशांचं दृश्य दाखवायचं हे आपल्या बसण्यावर ठरतं. माझा २७ इंची पडदा डोळ्यांपासून ७० सेंटीमीटरवर आहे, त्याचं गणित केलं तर उभा कोन जेमतेम २७ अंश येतो. सुरुवातीला तोंडापुढे पुठ्ठ्याचं खोकं धरल्यासारखं दिसतं. पण कोन जास्त ठेवला की वळणं लांब गेल्यासारखी वाटतात, चढ-उतार सपाट होतात आणि वेग खोटा वाढतो. मग ट्रॅक मिलिमीटरपर्यंत अचूक असून काय उपयोग? ती अचूकता आपणच चुकीच्या कोनाने बिघडवलेली असते.

जुलैतला मंगळवार. संध्याकाळी साधारण दोन-सव्वादोन तास ट्रॅक उघडा असतो. ऑफिसमधून अर्धा दिवस रजा काढून निघालो, सव्वा-दीड तासात पोचलो. परवाना दाखवणं, क्रेडिट कार्डावर अनामत अडकवणं, सह्या करणं आणि मग वीस मिनिटांचं समजावणं. प्रशिक्षकाने सगळ्यांकडे बघून विचारलं, “गेम खेळून कोण कोण आलंय?” निम्मे हात वर गेले. तो म्हणाला, “छान. तुम्हाला रस्ता माहीत आहे. रस्त्यावरचे लोक माहीत नाहीत.” मोटारसायकली कुठून येतील, मागून कुणी आलं की उजवा इंडिकेटर देऊन उजवीकडे सरकायचं, कुणी थांबलेलं दिसलं की लगेच धोक्याचे दिवे लावून वेग कमी करायचा, एवढंच त्याने घोकून घेतलं. वळणातून वेगात जायची वाट, ब्रेकची जागा, यांबद्दल एक अक्षर नाही.

फाटकावर कार्ड टेकवलं, दांडा वर गेला आणि आंटोनिउसबुखेच्या पुलाखालून निघालो. हात्सनबाख या वळणांच्या पट्ट्यात शिरलो तेव्हा अंगावर काटा आला. डावं, उजवं, पुन्हा डावं, कडेचा कठडा कुठे जवळ येतो, कुठे रस्ता बाहेरच्या बाजूला कलतो, सगळं तेच! पुढचं वळण दिसायच्या आधी हात तयार होते. ज्या जागी मी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं, तिथला प्रत्येक वाक ओळखीचा होता. लेझर स्कॅनवर होणारा खर्च मला त्या दोन किलोमीटरांत पटला.

मग फ्लुगप्लात्स. गेममध्ये इथे गाडी चढावरून वर येते आणि हलकी होते, चाकं जमीन सोडताहेत की काय असं वाटतं. मी पोट आवळून बसलो, आणि स्विफ्ट मजेत पलीकडे गेली. प्रशिक्षक हसला. २०१५ च्या मार्चमध्ये इथेच शर्यतीत यान मार्डनबरोची गाडी नाक वर होऊन हवेत उडाली, कठड्यापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. मार्डनबरो स्वतः ग्रान टुरिस्मोच्या स्पर्धेतून शर्यतीत आलेला ड्रायव्हर. त्यानंतर इथले उंचवटे कमी केले आणि जाळ्या वाढवल्या. माझा गेम त्याआधीच्या रस्त्याचा आहे, त्यामुळे माझ्या पडद्यावर तो जुना उंचवटा अजून तसाच आहे.

श्वेडनक्रॉइत्सनंतर आरेमबेर्ग, आणि मग फुक्सरोरेचा उतार. इथे माझं गणित पार कोलमडलं. पडद्यावर तो उतार आहे हे कळतं, प्रत्यक्षात तो पोटात कळतो. आंबेनळी घाटात पोलादपूरकडे उतरताना ब्रेकवरचा पाय काढायचं धाडस होत नाही, तसं झालं, आणि इथे तर सगळे पाय काढूनच चाललेले. तळाला गाडी दबते, आपणही सीटमध्ये रुततो, मान जड होते आणि लगेच चढ. गेममध्ये या जागी स्टिअरिंग जोरात घट्ट होतं. खऱ्या स्विफ्टचं स्टिअरिंग उलट हलकं, सौम्य होतं. रस्त्याचा तोच बारीक खडबडीतपणा गेम हातांतून देतो, खरी गाडी सीटमधून देते. खळगे तेच, फक्त निरोप दुसरीकडून येतो. गेममध्ये हातांवर विसंबायची सवय लागलेल्याला सुरुवातीला वाटतं, गाडी काही सांगतच नाहीये.

आडेनाउअर फोर्स्टच्या अलीकडे आरशात एक पांढरी पोर्शे दिसली. मी पुढच्या वळणाचा विचार करत होतो, प्रशिक्षक म्हणाला, “उजवीकडे. आता.” इंडिकेटर दिला, पोर्शे गेली, तिच्यामागे दोन मोटारसायकली गेल्या, ज्या मला दिसल्याच नव्हत्या. नंतर बेर्गवेर्कपासून वर केसेल्शनच्या लांब चढावर स्विफ्टचा जीव मेटाकुटीला आला आणि मागून गाड्यांची रांगच लागली. तिथे बहुतेक वेळ मी आरशातच बघत होतो. गेममधलं माझं सगळ्यात आवडतं अंतर असं मागे बघत संपलं.

कारुसेल या वळणाचा काँक्रीटचा खळगा गेमसारखाच होता, फक्त दात वाजतात हे गेम सांगत नाही. ब्र्युनशनला कडेच्या टेकाडावर शे-दीडशे लोक खुर्च्या टाकून, कॅन उघडून बसलेले. सगळ्यांच्या नजरा आपण घसरतो का याकडे. आपल्याकडे घाटातल्या वळणावर बिघडलेला ट्रक बघायला जमतात तितक्याच आस्थेने. ड्योटिंगर ह्योहेच्या सरळ पट्ट्यावर प्रशिक्षकाने वेग कमी करून ब्रेक थंड करायला लावले. हात घामाने निथळत होते.

दुसरी फेरी एकट्याने करायची होती, पण फाटक बंद झालं. कुणीतरी कठड्याला धडकलं होतं. चाळीसेक मिनिटं रांगेत उभे. या थांबण्याचे पैसे कुणी परत देत नाही आणि संध्याकाळच्या दोन तासांत असे दोन अपघात झाले की संपलं. तेव्हा पॅकेज घेताना ‘न वापरलेल्या फेरीचं काय’ हा प्रश्न आधीच विचारा. माझ्या करारात ती वर्षभरात कधीही वापरायची मुभा होती. ती वेळ आली नाही, सात वाजायच्या सुमारास फाटक उघडलं. झाडांच्या सावलीतला रस्ता आता गार पडला होता. गाडी विपरमान या वळणापाशी किंचित घसरत पुढे गेली, पहिल्या फेरीत तिथे काहीच जाणवलं नव्हतं. गेममध्ये संध्याकाळ निवडली तर उजेड बदलतो, पण प्रत्येक झाडाखालची पकड अशी वेगळी होत नाही.

घरी आल्यावर गेम लावला तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. स्टिअरिंगचा जोर बराच कमी केला, आणि सीटखाली लावायचं थरथरणारं यंत्र मागवलं, साठ युरोंचं. फुक्सरोरेचा उतार पडद्यावर आता मला आधीपेक्षा खोटा वाटतो. हात्सनबाख मात्र तसंच्या तसं खरं वाटतं. व्हीआरचा (आभासी जग दाखवणारा) चष्मा लावून उतार बरा कळतो म्हणतात. तो एका सहकाऱ्याकडे आहे, एकदा त्याच्याकडे जाऊन बघणार आहे.

जाणार असाल तर आधी एखाद्या संध्याकाळी ब्र्युनशनला नुसतं बघायला जा. तिथे बघायला तिकीट लागत नाही. कोण कुठे ओव्हरटेक करतो, वेगवान गाड्या कशा येतात, हे अर्ध्या तासात कळतं. हंगाम साधारण मार्च ते नोव्हेंबर. अधिकृत संकेतस्थळावरचं वेळापत्रक निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा उघडा, वेळा बदलतात. ऑगस्टमध्येही जाकीट बरोबर असू द्या, आणि जेवण आधी हलकंच घ्या, विशेषतः शेजारी बसणाऱ्याने.